ऑफिसच्या मशिनवर सेटिंग्ज बंद केल्या तरी उघडतात, नाहीतर ॲडमिनच अडकतो: कारणं आणि उपाय

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेची अकरा मशिन माझ्याकडे देखभालीला आहेत. सुरुवातीला नऊवर विंडोजची प्रो ही आवृत्ती होती, दोनवर होम. दर महिन्याला, बहुतेक वेळा दिनअखेरच्या गडबडीत, मला तेच फोन यायचे. पावती भलत्याच प्रिंटरवर गेली. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर यायला लागला. कोणीतरी जाताना सर्व्हर मशिन बंद करून गेलं आणि सकाळी एकही काउंटर सुरू होईना. शाखाधिकारी साहेबांचं म्हणणं एकच: "सगळ्यांचं कंट्रोल पॅनल बंद करून टाका, विषय संपला."

मी बंद केलं, पण विषय संपला नाही. पंधरा दिवसांत दोन मशिनवर ते पुन्हा उघडं सापडलं, एका मशिनवर मला स्वतःलाच काही उघडता येईना, आणि प्रिंटरची तक्रार जशीच्या तशी राहिली. नंतर इतर ठिकाणीही, दुकानांत, सीएच्या ऑफिसात, शाळेच्या कार्यालयात हाच गुंता दिसला, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे नागरीत लिहिली आहेत. मशिनवर ती अर्थात इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायची.

कुलूप लावायच्या आधी: बदल खरंच माणूस करतोय का?

हे मी सगळ्यात आधी लिहितोय, कारण यात माझ्याकडून एका ताईंवर अन्याय झाला होता. पासबुक प्रिंटर आणि साधा लेझर प्रिंटर असे दोन्ही त्यांच्या काउंटरला जोडलेले. व्हाउचर दर दोन-तीन दिवसांनी पासबुक प्रिंटरवर जायचं, वाकडं छापलं जायचं. साहेब त्यांना सगळ्यांसमोर बोलले. ताई मला म्हणाल्या, "भाऊ, त्या सेटिंगला मी हातसुद्धा लावलेला नाही." मी ऐकून घेतलं, पण मनात धरलं नाही.

त्या खरं बोलत होत्या. विंडोज १० च्या १५११ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ च्या नोव्हेंबरपासून, विंडोज डिफॉल्ट प्रिंटर स्वतःच ठरवतं. शेवटचं ज्या प्रिंटरवर छापलं तोच डिफॉल्ट होतो. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्सच्या पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय आहे, तो बहुतेक मशिनवर मुळातच चालू असतो. ताईंनी एकदा पासबुक छापलं की पुढचं व्हाउचर त्याच प्रिंटरवर जाणारच. कंट्रोल पॅनल बंद केल्याने हे थांबत नाही. उलट ताईंना प्रिंटर परत बदलायचा मार्गही मी बंद करून ठेवला होता.

उपाय: विंडोजच्या धोरणांमध्ये (ग्रुप पॉलिसी, जी जीपीएडिट.एमएससी या आज्ञेने उघडते) युजर कॉन्फिगरेशन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → कंट्रोल पॅनल → प्रिंटर्स इथे जाऊन 'टर्न ऑफ विंडोज डिफॉल्ट प्रिंटर मॅनेजमेंट' हे एनेबल करा. मग त्या खात्यात लेझर प्रिंटर एकदा हाताने डिफॉल्ट करा. त्या काउंटरची तक्रार त्या दिवसानंतर आलेली नाही. साहेबांनाही मी हे ताईंच्या समोरच सांगितलं, कारण बोलणं सगळ्यांसमोर झालं होतं.

तारखेचंही तसंच. तारीख चुकते तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकाच तक्रारीत मिसळलेल्या असतात. मशिन सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदला, तिथे कुठल्याच धोरणाचा उपयोग नाही. घड्याळ काही तास पुढे-मागे असेल, तर टाइम झोन बदललेला असतो. साध्या, म्हणजे ॲडमिनचे (मशिनमध्ये सगळे बदल करायचे) हक्क नसलेल्या खात्याला वेळ बदलता येत नाही, पण टाइम झोन बदलायची मुभा मुळातच असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. अमेरिकेचा झोन निवडला गेला तर आपल्या सकाळी तिथली आदल्या दिवसाची रात्र दिसते आणि दिवसाची तारीखच चुकते. आणि तारीख बरोबर असून फक्त ७ मार्चचा ३ जुलै दिसत असेल, तर रीजनचं स्वरूप बदललंय: भारतीय इंग्रजीत दिवस आधी, अमेरिकी इंग्रजीत महिना आधी. हे स्वरूप प्रत्येक खात्याचं वेगळं असतं, ते बदलायला ॲडमिन असावं लागत नाही.

स्वरूपासाठी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → सिस्टम → लोकेल सर्व्हिसेस इथे 'डिसअलाउ युजर ओव्हरराइड ऑफ लोकेल सेटिंग्ज' आहे. इथे क्रम महत्त्वाचा: आधी त्या खात्यातलं स्वरूप नीट करा, मग धोरण लावा. कारण स्वरूपात हाताने केलेले फेरबदल त्या क्षणी जसे असतील तसेच हे धोरण गोठवून ठेवतं, दुसऱ्या रीजनचं स्वरूप निवडणं मात्र याने थांबत नाही. चुकीचं असताना लावलं तर चुकीचंच पक्कं होतं. टाइम झोनसाठी सेकपोल.एमएससी (मशिनच्या सुरक्षा धोरणांची खिडकी) उघडा, लोकल पॉलिसीज → युजर राइट्स असाइनमेंट → 'चेंज द टाइम झोन' मधून युजर्स हा गट काढा.

मूळ दुखणं: सगळेच ॲडमिन

बंद केलेलं पुन्हा उघडतं याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे काउंटरवरचं खातं ॲडमिनचं असतं. आमच्याकडे अकरापैकी आठ मशिनवर एकच खातं होतं, त्याला पासवर्ड नव्हता, आणि सगळे तेच वापरायचे. ॲडमिन खात्याला मेनू लपवणं म्हणजे दाराला पडदा लावण्यासारखं आहे. पुतण्या किंवा शेजारचा दुकानदार दोन मिनिटांत यूट्यूब बघून ते काढतो. साध्या, म्हणजे स्टँडर्ड खात्याला मात्र रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं त्या नोंदवहीतल्या) धोरणांच्या किल्ल्यांवर लिहिताच येत नाही, त्या किल्ल्या त्याच्या स्वतःच्या शाखेत असल्या तरी. त्यामुळे तिथे लावलेलं टिकतं.

म्हणून आधी वेगळं ॲडमिन खातं बनवा, त्याला पासवर्ड द्या, त्यात एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, आणि मगच काउंटरची खाती स्टँडर्ड करा. पासवर्ड लिफाफ्यात बंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवायला सांगा. देखभालवाला गावाला गेला म्हणून संस्था अडून राहू नये.

स्टँडर्ड केल्यावर जुनं सॉफ्टवेअर हमखास कुरकुरतं. आमच्याकडे पिग्मीचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. ते सुरू व्हायचं, पण दोन काउंटरवर पावती क्रमांक वेगवेगळे दिसायला लागले. मी हादरलो, कारण हा लोकांच्या पैशाचा हिशेब. मूळ असं निघालं: असं जुनं, ३२ बिटचं सॉफ्टवेअर स्वतःची माहिती प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्येच लिहितं. साध्या खात्याला तिथे लिहायची परवानगी नसते. मग विंडोज चूक दाखवण्याऐवजी गुपचूप त्या फाइलची प्रत त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये करतं: ॲपडेटा → लोकल → व्हर्च्युअलस्टोअर. व्हिस्टापासून ही सोय आहे. परिणाम असा की एकाच मशिनवर दोन खाती, तर दोन वेगवेगळ्या फाइली, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

असं दिसलं तर पहिल्यांदा काम थांबवा. सॉफ्टवेअरच्या फक्त डेटा फोल्डरवर उजवी क्लिक → प्रॉपर्टीज → सिक्युरिटी → एडिट → युजर्स निवडून 'मॉडिफाय' द्या. पूर्ण प्रोग्राम फाइल्सवर देऊ नका. एवढ्याने भागत नाही, कारण व्हर्च्युअलस्टोअरमध्ये प्रत शिल्लक असेपर्यंत तीच आधी वाचली जाते. सगळ्या खात्यांच्या व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइलींचा बॅकअप घ्या, कुठल्या फाइलमध्ये कुठल्या तारखेच्या नोंदी आहेत ते सॉफ्टवेअरवाल्याकडून जुळवून घ्या, आणि त्यानंतरच त्या प्रती तिथून हलवा. घाईत डिलीट केलं तर दोन-चार दिवसांच्या नोंदी जातात.

मी स्वतः अडकलो ते कसं

जीपीएडिट.एमएससी उघडलं की युजर कॉन्फिगरेशन दिसतं. नाव 'युजर' असलं तरी इथे केलेला बदल त्या मशिनवरच्या प्रत्येक खात्याला लागतो. ॲडमिनलासुद्धा. मी एका बैठकीत रन मेनू (आज्ञा टाइप करून काही उघडायची छोटी खिडकी) काढला, कंट्रोल पॅनल बंद केलं, टास्क मॅनेजर बंद केला, कमांड प्रॉम्प्ट बंद केला, आणि लॉगऑफ केलं. पुन्हा ॲडमिन म्हणून आत आल्यावर बहुतेक ठिकाणी एकच खिडकी: 'धिस ऑपरेशन हॅज बीन कॅन्सल्ड ड्यू टू रिस्ट्रिक्शन्स इन इफेक्ट ऑन धिस कॉम्प्युटर'. तीच खिडकी तुमच्यासमोर असेल, तर घाबरून विंडोज नव्याने टाकू नका. बाहेर यायचे रस्ते आहेत.

पहिला रस्ता पॉवरशेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची विंडोजची दुसरी खिडकी. कमांड प्रॉम्प्टचं धोरण पॉवरशेलला लागत नाही. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, ॲडमिनचं पॉवरशेल किंवा टर्मिनल निवडा, तिथून जीपीएडिट.एमएससी टाइप करून उघडा आणि केलेले बदल 'नॉट कॉन्फिगर्ड' वर आणा. दुसरा रस्ता: फाइल एक्सप्लोररमधून सी ड्राइव्ह → विंडोज → सिस्टम३२ मध्ये जाऊन एमएमसी (विंडोजची देखभालीची साधनं उघडणारा कन्सोल) या फाइलवर उजवी क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. त्यात स्नॅप-इन (हवं ते साधन) जोडून धोरणं उघडता येतात. हेही जमलं नाही तर त्याच सिस्टम३२ मध्ये ग्रुपपॉलिसी आणि ग्रुपपॉलिसीयुजर्स अशी दोन लपवलेली फोल्डर असतात. त्यांची नावं बदला, मग जीपीअपडेट /फोर्स (धोरणं लगेच ताजी करणारी आज्ञा) चालवा आणि लॉगऑफ करा. नावं बदलली की ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सची सगळीच स्थानिक धोरणं निघतात, मशिनसाठी लावलेलीसुद्धा, हे लक्षात ठेवा. युजर राइट्स मात्र वेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात, ते तसेच राहतात.

कायमचा उपाय व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे, फक्त तो जीपीएडिटच्या नेहमीच्या खिडकीत दिसत नाही. स्थानिक धोरणांचे तीन थर असतात: पहिला सगळ्यांसाठी, दुसरा ॲडमिन किंवा ॲडमिन नसलेल्यांसाठी, तिसरा एखाद्या ठराविक खात्यासाठी. याच क्रमाने ते लागतात आणि टक्कर झाली तर शेवटचा जिंकतो. आपल्याला हवा तो दुसरा थर.

रनमध्ये एमएमसी टाइप करा. फाइल → ॲड/रिमूव्ह स्नॅप-इन → ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर → ॲड. पुढच्या खिडकीत लोकल कॉम्प्युटर लिहिलेलं दिसेल, तिथे लगेच फिनिश दाबू नका. ब्राउज दाबा, युजर्स हा टॅब उघडा, यादीत 'नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स' निवडा, मग फिनिश. आता डावीकडे 'लोकल कॉम्प्युटर\नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स पॉलिसी' दिसेल. काउंटरसाठीचे सगळे निर्बंध फक्त इथेच लावा. ही कन्सोल सेव्ह करून ॲडमिनच्या डेस्कटॉपवर ठेवा, दर वेळी पायऱ्या चढायला नकोत.

याचा आणखी एक फायदा म्हणजे नवीन खाती. पूर्वी मी प्रत्येक खात्यात जाऊन हाताने रजिस्ट्री बदलायचो. एक शिपाई बदलून गेले, नव्या माणसाचं खातं बनलं, आणि त्या खात्यात अर्थातच काहीच नव्हतं. 'तुम्ही लावलेलं निघालं' अशा दोन तक्रारींपैकी एक हीच होती. नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या थरात लावलेलं उद्या बनणाऱ्या खात्यालाही आपोआप लागतं.

लागलं की नाही हे तपासायचं असेल तर काउंटरच्याच खात्यात लॉगिन करून जीपीरिझल्ट /आर चालवा. लागू झालेल्या धोरणांच्या यादीत नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सचं नाव यायला हवं. ॲडमिन म्हणून चालवलंत तर ते तुमच्या ॲडमिन खात्याचा हिशेब दाखवेल आणि तुम्ही उगाच शोधत बसाल. मेनूशी संबंधित बरेच बदल लॉगऑफ करून परत आल्याशिवाय दिसत नाहीत, तेही आधी करून बघा. आणि शब्द नीट वाचा: 'प्रोहिबिट' ने सुरू होणारं धोरण एनेबल केलं की गोष्ट बंद होते. डिसेबल केलं म्हणजे मुद्दाम उघडी ठेवली.

काय बंद करायचं आणि काय नाही

सरसकट बंद करण्याच्या मी विरोधात आहे. काउंटरवरच्या माणसाला कामासाठी जे लागतं ते उघडं राहिलं पाहिजे.

'प्रोहिबिट ॲक्सेस टू कंट्रोल पॅनल अँड पीसी सेटिंग्ज' हे सगळ्यात प्रसिद्ध. पण ते लावलं की अक्षरं मोठी करणं, आवाजाचं साधन बदलणं, प्रिंटरची रांग बघायला सेटिंग्जमध्ये जाणं, सगळंच जातं. आमचे एक कॅशियर साठीच्या जवळ आले आहेत, त्यांना स्क्रीनवरची अक्षरं मोठीच लागतात. त्यांच्यासाठी दर वेळी मला फोन लावायचा, हे बरोबर नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' हे धोरण आहे. त्यात शोओन्ली:डिस्प्ले;प्रिंटर्स;साउंड असं लिहिलं की सेटिंग्जमध्ये तेवढीच पानं दिसतात. मध्ये मोकळी जागा सोडू नका. जुनं कंट्रोल पॅनल मात्र याने बंद होत नाही, त्यासाठी त्याच फोल्डरमधलं 'शो ओन्ली स्पेसिफाइड कंट्रोल पॅनल आयटम्स' वापरा. ही दोन्ही वापरणार असाल तर प्रोहिबिटवालं लावू नका, नाहीतर सेटिंग्ज मुळात उघडणारच नाहीत.

मराठी टायपिंग करणाऱ्यांचा विचार आधी करा. भाषेचं पान लपवलं की त्यांना नवा कीबोर्ड जोडता येत नाही. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. लॉक लावण्याआधी प्रत्येक खात्यात तो, आणि ज्यांचा हात इनस्क्रिप्टवर बसलाय त्यांचा इनस्क्रिप्ट, जोडून द्या. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार पुरेसा आहे, त्याला सेटिंग्ज लागत नाहीत.

रन मेनू काढला तर एक्सप्लोररच्या पट्टीत दुसऱ्या मशिनचा नेटवर्क पत्ता टाइप करून जाणंही बंद होतं. आमच्याकडे दोघेजण तसंच काम करायचे. त्यांना ड्राइव्ह मॅप करून दिला, तो चालतो.

कमांड प्रॉम्प्टच्या धोरणात आत एक छोटा प्रश्न असतो: स्क्रिप्टही बंद करायच्या का? तिथे 'येस' निवडलं तर बॅच फाइलीसुद्धा (आज्ञांची यादी लिहिलेल्या फाइली) चालत नाहीत. आमचा रात्रीचा बॅकअप एका बॅच फाइलने, काउंटरच्याच खात्यातून चालायचा. 'प्रेस एनी की टू कंटिन्यू' म्हणत ती तीन रात्री तशीच उभी राहिली आणि बॅकअप झालाच नाही. चौथ्या दिवशी तारखा बघताना लक्षात आलं. तिथे 'नो' निवडा, आणि बॅकअप वेगळ्या खात्यातून चालवा. पॉवरशेल उघडंच राहतं हे वर सांगितलंय, त्यामुळे या धोरणावर फार विसंबूही नका.

टास्क मॅनेजर मी बंद करत नाही. सॉफ्टवेअर अडकलं आणि समोर ग्राहकांची रांग असली की माणूस काहीतरी करणारच. टास्क मॅनेजर नसेल तर तो कॅबिनेटचं बटण दाबून धरतो, आणि डेटाबेस उघडा असताना तसं करणं कितीतरी जास्त घातक.

मशिन बंद करण्याबद्दल. सर्व्हर मशिनवर स्टार्ट मेनूतून शट डाउन काढणारं धोरण आहे, पण ते फक्त मेनूतलं बटण काढतं, आज्ञा देऊन मशिन बंद करता येतंच. खरा अधिकार सेकपोलमध्ये, युजर राइट्स असाइनमेंट → 'शट डाउन द सिस्टम' इथे आहे. त्यातून युजर्स काढा. लॉगिनच्या पानावरचं बटण जावं म्हणून सिक्युरिटी ऑप्शन्समधलं 'अलाउ सिस्टम टू बी शट डाउन विदाउट हॅविंग टू लॉग ऑन' डिसेबल करा. पॉवर ऑप्शन्समध्ये कॅबिनेटच्या बटणाचं काम 'डू नथिंग' करा. बटण काही सेकंद दाबून धरलं तर मशिन तरीही बंद होतं, ते हार्डवेअरचं काम आहे. त्यासाठी आम्ही मशिन कुलपाच्या कपाटात ठेवलं, मागून हवा खेळती राहील असं.

एक तपासणी विसरू नका. वीज गेल्यावर यूपीएसचं सॉफ्टवेअर मशिन नीट बंद करत असेल, तर ते सर्व्हिस म्हणून (पडद्यामागे, कोणी लॉगिन नसतानाही) चालतंय की साध्या खात्यात, ते बघा. सर्व्हिस सिस्टमच्या खात्यात चालत असेल तर अडचण नाही. घड्याळाशेजारच्या चिन्हातून, काउंटरच्या खात्यात चालत असेल, तर तुम्ही आत्ता त्याचाच अधिकार काढून घेतलात. दुपारी यूपीएसची पिन काढून प्रत्यक्ष बघा, भारनियमनाच्या दिवसाची वाट बघू नका.

होम असेल तर

होममध्ये जीपीएडिट नाही, सेकपोल नाही. ते 'चालू करून देणाऱ्या' बॅच फाइली फिरत असतात, त्या वापरू नका. खिडकी उघडली म्हणजे धोरण लागू होईलच असं नाही, आणि कुठून आलेली फाइल ॲडमिनच्या हक्काने आपण हिशेबाच्या मशिनवर चालवतोय याचा विचार करा. स्टँडर्ड खातं होममध्येही बनतं, आणि निम्मं काम त्यानेच होतं. उरलेलं रजिस्ट्रीतून.

इथे एक सापळा आहे, त्यात मी दोनदा पडलो. काउंटरच्या स्टँडर्ड खात्यातून रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं साधन) 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडलं, यूएसीने (परवानगी विचारणाऱ्या विंडोजच्या खिडकीने) ॲडमिनचा पासवर्ड मागितला, दिला, आणि एचकी करंट युजरमध्ये सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंटव्हर्जन → पॉलिसीज → एक्सप्लोरर इथे नोकंट्रोलपॅनल ही डीवर्ड किंमत १ केली. काउंटरवर काहीच फरक नाही. कारण पासवर्ड ॲडमिनचा दिल्यामुळे 'करंट युजर' त्या खिडकीपुरता ॲडमिन झाला होता. बंद झालं ते ॲडमिनचं कंट्रोल पॅनल.

बरोबर पद्धत अशी. काउंटरच्या खात्यात व्हूॲमआय /युजर चालवून त्याचा एसआयडी (खात्याचा ओळख क्रमांक) लिहून घ्या, एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांब आकडा. त्याच खात्यातून रेजएडिट तसंच 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडा, पण आत गेल्यावर एचकी युजर्समध्ये तोच आकडा शोधून त्याच्याखाली बदल करा. तो माणूस लॉगिन नसेल तर ॲडमिनमधून फाइल → लोड हाइव्हने त्याच्या प्रोफाइलमधली एनटीयुजर.डॅट (त्या खात्याच्या रजिस्ट्रीची फाइल) उघडता येते. काम झालं की अनलोड हाइव्ह करायचंच. ते राहिलं, तर तो माणूस लॉगिन करताना विंडोज त्याला तात्पुरतं प्रोफाइल देतं, डेस्कटॉप रिकामा दिसतो, आणि आपल्या फाइली गेल्या असं वाटून तो घाबरतो. पुढच्या नव्या खात्यांसाठी युजर्स फोल्डरमधल्या डिफॉल्टच्या एनटीयुजर.डॅटमध्ये हाच बदल करून ठेवा.

डोमेन (सगळी मशिन एका मध्यवर्ती सर्व्हरला जोडून चालवण्याची व्यवस्था) असलेल्यांसाठी थोडक्यात: आधी स्थानिक धोरण लागतं, मग साइटचं, डोमेनचं, शेवटी ओयूचं (डोमेनमधल्या उपगटाचं), आणि पुढचं मागच्यावर बसतं. मशिनवर हाताने केलेला बदल टिकत नसेल तर तो वरून पुसला जातोय. साधारण ९० मिनिटांनी, त्यात ० ते ३० मिनिटांची भर घालून, धोरणं ताजी होतात. ठराविक गटालाच धोरण द्यायचं म्हणून ऑथेंटिकेटेड युजर्स (लॉगिन झालेले सगळे) हा गट काढून टाकला असेल, तर जून २०१६ च्या एमएस१६-०७२ या अपडेटनंतर ते लागत नाही, कारण युजरचं धोरणही आता मशिनच्या नावाने वाचलं जातं. डेलिगेशनमध्ये ऑथेंटिकेटेड युजर्स किंवा डोमेन कॉम्प्युटर्सला फक्त 'रीड' द्या.

आमच्या नऊ प्रो मशिनपैकी एकावर सगळं पक्कं करून आठवडाभर काउंटरवर चालवलं, लोकांना काय अडतंय ते विचारलं, आणि मग मायक्रोसॉफ्टच्या एलजीपीओ या छोट्या साधनाने तीच धोरणं बाकी आठवर नेली. दोन होम मशिनपैकी पिग्मी काउंटरचं मशिन संस्थेने प्रोची की घेऊन अपग्रेड केलं, विंडोज नव्याने टाकावं लागलं नाही. दुसरं अजून होमच आहे. त्यावर कुठल्या खात्यात कुठली किंमत कधी बदलली, ते मी एका वहीत लिहून मशिनच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, आणि ताईंना ती वही कुठे आहे ते माहीत आहे.